राष्ट्र आत जाते ते तुकड्यातुकड्यांनी

मिलानमधले एक वकील, फ्लामिनियो कोस्ता, यांना विजेचे बिल आले होते १,९२५ लिऱ्यांचे. रक्कम अगदी किरकोळ, पण त्यांनी ती भरायला नकार दिला. डिसेंबर १९६२ मध्ये इटलीने वीज उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले होते आणि खासगी कंपन्या ‘एनेल’ या सरकारी महामंडळात घातल्या होत्या. कोस्ता अशाच एका कंपनीचे भागधारक होते. त्यांचे म्हणणे असे की हा कायदा इटलीने स्वतःच सही केलेल्या, युरोपीय आर्थिक समुदाय उभारणाऱ्या रोमच्या कराराविरुद्ध आहे. इटलीच्या घटना न्यायालयाने मार्च १९६४ मध्ये स्पष्ट सांगितले होते की करारानंतर संसदेने वेगळा कायदा केला असेल तर तोच चालेल. तरीही बारीकसारीक दावे ऐकणाऱ्या मिलानमधल्या एका स्थानिक न्यायाधीशाने हे प्रकरण आपल्या वरच्या न्यायालयांना वळसा घालून थेट लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवले. १५ जुलै १९६४ रोजी निकाल आला : सदस्य राष्ट्रांनी मिळून केलेला कायदा कोणत्याही एका राष्ट्राच्या कायद्याहून वरचा. कोस्तांच्या पदरात या निकालाने फारसे काही पडले नाही. युरोपच्या पदरात मात्र असे तत्त्व पडले, जे रोमच्या करारात एका ओळीनेही लिहिलेले नव्हते.

युरोपच्या एकीकरणावर गेली सत्तर वर्षे जो वाद चालू आहे, त्याकडे मी या बिलाच्या बाजूने पाहतो. वाद असा : ही सगळी रचना पुढे कोण नेते? करारांवर सह्या करणारी राष्ट्रे, की त्यांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या संस्था, म्हणजे आयोग, न्यायालय, संसद, मध्यवर्ती बँक? एक पक्ष म्हणतो, राष्ट्रेच मालक. संस्था त्यांच्या नोकर. दुसरा म्हणतो, नोकर म्हणून आलेल्यांच्या हाती हळूहळू घराच्या किल्ल्या गेल्या. दोन्ही पक्षांकडे भरपूर पुरावा आहे आणि म्हणूनच वाद मिटत नाही. मला मात्र वाटते की दोघेही ‘राष्ट्र’ नावाची एक अखंड वस्तू गृहीत धरून बोलतात. मिलानचा तो न्यायाधीश इटलीच्या राज्ययंत्रणेचाच भाग होता. मग त्या दिवशी इटली कोणत्या बाजूला होती?

सुरुवात कोळशापासून करायला हवी, कारण दोन्ही पक्षांचे मूळ तिथे आहे. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी पॅरिसमध्ये जाहीर केले की फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक अधिसत्तेखाली आणावे. इतर देशांनाही दार उघडे आहे. ही योजना लिहिली होती जाँ मोने यांच्या नियोजन कार्यालयातल्या मोजक्या माणसांनी. खुद्द शूमान यांच्या परराष्ट्र खात्यातल्या बहुतेक अधिकाऱ्यांना तिचा पत्ता नव्हता. ब्रिटनलाही आधी कळवले नव्हते. बॉनहून चॅन्सलर कोनराड आडेनाउअर यांचा होकार आला तेव्हाच शूमान यांनी विषय आपल्या मंत्रिमंडळासमोर काढला. म्हणजे ‘फ्रान्सने प्रस्ताव मांडला’ हे वाक्य पहिल्याच दिवशी अर्धे खरे होते. फ्रान्सच्या एका कार्यालयाने दुसऱ्याला बाजूला ठेवून तो मांडला होता.

फ्रान्सची गरज तरीही अगदी खरी होती. युद्धानंतरच्या फ्रेंच पोलाद कारखान्यांना रुऱ्ह खोऱ्यातला जर्मन कोळसा आणि कोक हवा होता, अमेरिका जर्मनीवरचे निर्बंध सैल करायच्या बेतात होती आणि रुऱ्हवरची पकड सुटणार हे पॅरिसला दिसत होते. जर्मनीला हवी होती बरोबरीची खुर्ची. १८ एप्रिल १९५१ रोजी सहा देशांनी करार केला आणि १९५२ मध्ये लक्झेंबर्गला ‘उच्च प्राधिकरण’ सुरू झाले, मोने त्याचे पहिले अध्यक्ष. या प्राधिकरणाला पुढच्या कोणत्याही युरोपीय संस्थेला मिळाला नाही इतका थेट अधिकार कागदावर होता. पण १९५९ मध्ये कोळशाची मागणी घसरून खाणींबाहेर ढीग साचले, तेव्हा आणीबाणी जाहीर करून उत्पादनावर कोटे लावायचा त्याचा प्रस्ताव राष्ट्रांच्या मंत्र्यांनी फेटाळला. कागदावरची सत्ता कामी आली नाही.

या पहिल्या दशकावरच पहिला मोठा सिद्धांत उभा राहिला. नाझी जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत गेलेले अर्न्स्ट हास यांनी १९५८ मध्ये मांडले की एका क्षेत्रातले सहकार्य शेजारच्या क्षेत्रात ओसंडते. कोळसा एकत्र आला की त्याच्या वाहतुकीचे दर आड येतात, मग वाहतूक, मग कर, मग चलन. कामगार संघटना, कारखानदार, पक्ष हे सगळे आपली गाऱ्हाणी नव्या केंद्राकडे नेऊ लागतात आणि त्यांची निष्ठाही सरकते. हासनी एक महत्त्वाची गोष्ट पकडली होती : या प्रक्रियेसाठी कोणाला युरोपवर प्रेम करावे लागत नाही, आपापले हित पाहिले तरी पुरे.

मग फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आडवे आले. १९६५ मध्ये आयोगाचे जर्मन अध्यक्ष वॉल्टर हालस्टाइन यांनी एक जोडप्रस्ताव आणला : शेतीला सामायिक पैसा, त्यासाठी समुदायाचे स्वतःचे उत्पन्न आणि त्यावर युरोपीय संसदेची देखरेख. शिवाय करारानुसार १९६६ पासून बऱ्याच विषयांत बहुमताने निर्णय सुरू होणार होते. ३० जूनच्या रात्री बोलणी फिसकटली आणि फ्रान्सने मंत्रिपरिषदेतली आपली खुर्ची सात महिने रिकामी ठेवली. जानेवारी १९६६ च्या लक्झेंबर्ग समझोत्यात ठरले ते इतकेच : एखाद्या देशाचे ‘अत्यंत महत्त्वाचे हित’ गुंतले असेल तर फ्रान्सच्या मते एकमत होईपर्यंत चर्चा चालूच राहावी, आणि याबाबत बाकीच्या पाचांचे मत वेगळे आहे याची नोंद व्हावी. पुढची पंधरा-वीस वर्षे नकाराधिकाराची सावली प्रत्येक बैठकीवर राहिली. व्हिएन्नात जन्मलेले, फ्रान्समध्ये वाढलेले आणि हार्वर्डला शिकवणारे स्टॅनली हॉफमन यांनी १९६६ मध्येच लिहिले की राष्ट्र-राज्य कालबाह्य झालेले नाही, ते हट्टी आहे. व्यापारासारख्या विषयात ते हात सैल सोडते. संरक्षण, परराष्ट्र धोरण असा जिव्हाळ्याचा विषय आला की मूठ आवळते. त्याला पुरावाही होता. सामायिक युरोपीय सैन्याचा करार फ्रान्सच्याच संसदेने ऑगस्ट १९५४ मध्ये गाडला होता.

पण त्या सात महिन्यांत फ्रान्समध्ये काय झाले तेही पाहा. डिसेंबर १९६५ मध्ये अध्यक्षीय निवडणूक होती. फ्रेंच शेतकऱ्यांना सामायिक शेती धोरणातून हमीभाव दिसू लागला होता आणि रिकाम्या खुर्चीमुळे तो लटकला होता. शेतकऱ्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने द गॉल यांना मत देऊ नका, असे सांगितले. पहिल्या फेरीत द गॉल यांना बहुमत मिळाले नाही, मितराँ यांच्याशी दुसऱ्या फेरीत लढावे लागले. एलिझे राजवाड्यातला फ्रान्स एकीकडे आणि बोसच्या गव्हाच्या शेतातला फ्रान्स दुसरीकडे. फ्रान्स खुर्चीवर परत आला यामागे हा दुसरा फ्रान्सही होता, हे मला समझोत्याच्या मसुद्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

शेतीचा धागा पुढे नेला तो अॅलन मिलवर्ड या ब्रिटिश आर्थिक इतिहासकाराने. सरकारी दप्तरांच्या राशी चाळून त्यांनी १९९२ मध्ये जे मांडले, ते या विषयातले माझ्या मते सर्वांत टिकाऊ लेखन आहे. त्यांचे म्हणणे : युरोपच्या एकीकरणाने राष्ट्रांना संपवले नाही, वाचवले. १९४० मध्ये एकामागून एक कोसळलेल्या राज्यांना आपल्या नागरिकांपुढे पुन्हा उभे राहायचे होते, नोकरी, पेन्शन, पिकाला भाव यांचे वचन द्यायचे होते आणि ते एकट्याने निभणारे नव्हते. बेल्जियमच्या खोल, महागड्या खाणी बाजारावर सोडल्या असत्या तर लगेच बंद पडल्या असत्या. कोळसा समुदायाच्या पैशाने त्यांना काही वर्षे श्वास मिळाला. शेती धोरण हे शेतकऱ्याला मध्यमवर्गात टिकवून धरणारे कल्याणकारी धोरणच होते, आणि एके काळी समुदायाच्या खर्चातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा तेच खात होते. मिलवर्ड वाचल्यावर ‘सार्वभौमत्व गेले’ ही तक्रार पूर्वीसारखी करता येत नाही. जे हातात नव्हतेच, ते एकत्र येऊन मिळवले, असेही म्हणावे लागते. अँड्र्यू मोराव्हचिक यांनी १९९८ मध्ये हीच दिशा कडक केली : प्रत्येक मोठा करार म्हणजे मोठ्या देशांच्या आर्थिक हितांची सौदेबाजी, आणि संस्था म्हणजे एकमेकांनी शब्द पाळावा म्हणून ठेवलेले तारण.

तारण ही उपमा चांगली आहे, पण इथेच मोराव्हचिक कमी पडतात. तारण ठेवलेली वस्तू स्वतः हलत नाही. लक्झेंबर्गचे न्यायालय हलले.

कोस्तांच्या आधी सुमारे दीड वर्ष, फेब्रुवारी १९६३ मध्ये, या न्यायालयाने नेदरलँड्समधल्या एका वाहतूक कंपनीच्या खटल्याचा निकाल दिला होता. जर्मनीतून आणलेल्या रासायनिक डिंकासारख्या मालावर डच कस्टम्सने ३ ऐवजी ८ टक्के जकात लावली होती. नेदरलँड्स, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनी या तिन्ही सरकारांनी न्यायालयात सांगितले की करार राष्ट्राराष्ट्रांमधला आहे, एखादी कंपनी तो हातात घेऊन सरकारला जाब विचारू शकत नाही. न्यायालय म्हणाले, विचारू शकते. म्हणजे सहा मालकांपैकी तिघांनी हजर राहून विरोध केला आणि तरी निकाल उलटा लागला. याच्यामागे लष्कर नाही, पोलीस नाहीत. लक्झेंबर्गचा बेलीफ कोणाच्या दारी जाऊन जप्ती आणू शकत नाही. मग निकाल चालला कसा?

तो चालला कारण तो अमलात आणणारा हात राष्ट्राचाच होता. करारात एक साधी सोय आहे : कुठल्याही देशातल्या कुठल्याही पायरीच्या न्यायाधीशाला शंका आली तर तो आपला खटला थांबवून लक्झेंबर्गला प्रश्न विचारू शकतो. उत्तर आले की निकाल तोच देतो, आपल्या भाषेत, आपल्या देशाच्या मोहोरेखाली. सरकारला लक्झेंबर्गचे न ऐकणे जमले असते. स्वतःच्या जिल्हा न्यायाधीशाचे न ऐकणे म्हणजे कायद्याचे राज्यच मोडणे. १९७८ मध्ये गोमांसाच्या आयातीवरच्या तपासणी शुल्काच्या एका इटालियन खटल्यात न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले : विसंगत राष्ट्रीय कायदा बाजूला ठेवायला न्यायाधीशाने घटना न्यायालयाची वाट पाहायची गरज नाही. ज्या कनिष्ठ न्यायाधीशाला आपल्या देशात संसदेचा कायदा तपासायचा अधिकार नव्हता, त्याला तो या मार्गाने मिळाला. त्याला यात रस का वाटू नये? वरिष्ठ न्यायालये अर्थातच सावध राहिली. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७४ पासून वारंवार बजावले की मूलभूत हक्क आणि लोकशाहीची अखेरची राखण आम्ही करू. ५ मे २०२० रोजी तर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीवरचा लक्झेंबर्गचा निकालच अधिकाराबाहेरचा ठरवला. त्यावर आयोगाने जर्मनीविरुद्ध कारवाई सुरू केली आणि जर्मन सरकारच्या आश्वासनांवर २०२१ च्या अखेरीला ती बंद केली. कोणी हरले नाही, कोणी माघारही घेतली नाही. हा तणाव असाच राहणार आहे आणि तो असणे मला आरोग्याचे लक्षण वाटते.

एकल बाजारपेठेची कथा बहुतेक पुस्तकांत जाक देलोर यांच्या पराक्रमाची म्हणून येते. ती आणखी गुंतागुंतीची आहे. जर्मनीने फ्रान्सचे ब्लॅककरंट या फळाचे एक मद्य अडवले होते, कारण त्यात जर्मन नियमाला हवे तितके, २५ टक्के, अल्कोहोल नव्हते. कमी दारू असलेली दारू आरोग्याला घातक, असा तो युक्तिवाद. न्यायालयाने १९७९ मध्ये तो फेटाळला आणि तत्त्व घालून दिले की एका देशात कायदेशीरपणे विकली जाणारी वस्तू दुसऱ्याने सबळ कारणाशिवाय अडवू नये. आयोगाने ते तत्त्व उचलून धोरण बनवले. १९८५ मध्ये आयोगाचे अध्यक्षपद घेण्याआधी देलोर दहाही राजधान्या फिरले. संरक्षण, चलन, संस्थात्मक सुधारणा, बाजारपेठ असे विषय त्यांनी चाचपून पाहिले आणि सगळीकडे चालणारा एकच निघाला : बाजारपेठ. मार्गारेट थॅचर यांनी पाठवलेले आयुक्त लॉर्ड कॉकफील्ड यांनी काही महिन्यांत सुमारे ३०० अडथळ्यांची यादी तारखांसह छापली. ब्रिटनला हवा होता मुक्त बाजार. तो आणायचा तर एकेका देशाचा नकार मोडायला हवा, म्हणजे बहुमताचे मतदान हवे. जून १९८५ मध्ये मिलानला इटलीचे पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी, शिखर बैठकीच्या रिवाजाबाहेर जाऊन, करार बदलायची परिषद बोलवावी का यावर चक्क मत घेतले. ब्रिटन, डेन्मार्क, ग्रीस विरोधात गेले आणि हरले. पण पुढे तिघांनीही त्या करारावर सही केली. थॅचर यांनी कॉकफील्ड यांना दुसऱ्यांदा पाठवले नाही.

इथून मला जे दिसते ते असे. संस्थांची ताकद अधिकारापेक्षा तयारीत असते. राष्ट्रांना एखादी गोष्ट तातडीने हवी होते तेव्हा ज्याच्या कपाटात मसुदा तयार असतो, त्याचा मसुदा चालतो. युरोचेही तेच. जर्मन एकीकरणाला संमती देण्याच्या बदल्यात फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष मितराँ यांनी जर्मन चॅन्सलर कोल यांच्याकडून मार्क काढून घेतला, असे सर्रास सांगितले जाते. बर्लिनची भिंत पडली नोव्हेंबर १९८९ मध्ये. सामायिक चलनाचा तीन टप्प्यांचा आराखडा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आला होता. तो लिहिला देलोर यांच्या समितीने, आणि त्या समितीत बहुतेक जण राष्ट्रीय मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर होते. अर्थमंत्र्यांना वगळून गव्हर्नरांना बसवले, म्हणूनच आराखड्यात बँकेचे स्वातंत्र्य इतके कडक आले. पुन्हा राष्ट्राचा एक तुकडा. भिंत पडल्याने तारीख ठरली, पण कागद आधीच तयार होता.

त्या कागदात काय नव्हते याची किंमत ग्रीसने, आयर्लंडने, पोर्तुगालने २०१० नंतर मोजली. चलन एक, पण तिजोऱ्या वेगळ्या. अथेन्सच्या दवाखान्यांतून आणि पेन्शनीतून ती वसूल झाली, आणि तिथल्या मतदाराला विचारायला कोणी जबाबदार माणूस समोर नव्हता; सरकार बोट दाखवी ब्रुसेल्सकडे, ब्रुसेल्स बर्लिनकडे. २६ जुलै २०१२ रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी लंडनमध्ये सांगितले की युरो वाचवायला लागेल ते करू, आणि बाजार शांत झाला. त्यानंतर जाहीर केलेल्या रोखे खरेदी योजनेतून एकही रोखा घ्यावा लागला नाही. संस्थेच्या सामर्थ्याचा याहून मोठा दाखला नाही. पण त्याच्या चारच आठवडे आधी, जूनअखेरच्या शिखर बैठकीत, राष्ट्रप्रमुखांनी बँकांवर सामायिक देखरेख ठेवायचे मान्य केले होते. तो पाया नसता तर द्रागी यांच्या वाक्याला वजन आले नसते. २०२० च्या जुलैत करोनाच्या सावटात चार दिवस-रात्र चाललेल्या बैठकीत ७५० अब्ज युरोचे सामायिक कर्ज ठरले, त्यात ३९० अब्ज अनुदान. आधी मर्केल-माक्राँ यांनी रस्ता उघडला, आयोगाने मसुदा दिला, आणि नेदरलँड्ससह काटकसरी म्हणवणाऱ्या देशांनी अनुदानाचा आकडा खाली ओढला. कोण पुढे, कोण मागे हे इथे आठवड्यागणिक बदलत होते.

संरक्षणाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण हॉफमन यांचे म्हणणे तिथे अजून बऱ्याच अंशी खरे आहे. युक्रेन युद्धानंतर पैसा एकत्र होऊ लागला आहे. सैनिक कोणाच्या हुकमाने लढणार हा प्रश्न १९५४ मध्ये होता तिथेच आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे दूरचे वाटत असेल तर नाशिकच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराला विचारावे. सप्टेंबर २००८ पर्यंत अनेक कीडनाशकांच्या उर्वरित अंशाची मर्यादा युरोपातले देश आपापली ठरवत. त्या महिन्यापासून सगळ्यांना एकच मर्यादा लागू झाली, आणि ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. २०१० च्या हंगामात वेलीची वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या ‘सीसीसी’चा अंश सापडून नाशिकचे कंटेनर युरोपात अडकले आणि बागायतदारांची वर्षाची कमाई त्यात गेली. नियम ब्रुसेल्सचा. पण रॉटरडॅमच्या धक्क्यावर नमुना काढणारा निरीक्षक डच सरकारचा, कारण युरोपीय महासंघाकडे स्वतःचे बंदर निरीक्षक नाहीतच. आयोगाचा सगळा कर्मचारीवर्ग सुमारे ३२ हजार. मुंबई महापालिकेचा याहून कितीतरी मोठा. आणि त्यावर, जर्मनीतल्या काही दुकानसाखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशापर्यंतच अंश चालवून घेतात. तिथे महासंघही नाही आणि राष्ट्रही नाही.

हापूसचे तसेच. १ मे २०१४ पासून युरोपने भारताचा आंबा, आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू बंद केले. २०१३ मध्ये भारतातून आलेल्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. आपल्याकडे बातमी आली ‘युरोपने आंबा नाकारला’. हा युरोप म्हणजे आयोगाने मांडलेला प्रस्ताव आणि त्यावर मत देणारी राष्ट्रांच्या वनस्पती-संरक्षण तज्ज्ञांची एक स्थायी समिती. लंडन-लेस्टरचे व्यापारी आणि तिथले खासदार संतापले होते, तर ब्रिटनचे शेती खाते काचघरांतल्या टोमॅटो-काकडीच्या काळजीने बंदीच्या बाजूने बोलत होते. ब्रिटन बंदीच्या बाजूने होते की विरुद्ध? दोन्ही. आपल्या बाजूने तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. अशा शेकडो समित्यांत महासंघाचा खरा दिवस जातो. मंत्र्यांच्या टेबलावर येणारे बरेच विषय राजदूतांच्या पातळीवर आधीच मिटलेले असतात. ते चर्चेविना मंजूर होतात. बहुमताने निर्णय घ्यायची सोय आहे, निदान ५५ टक्के राष्ट्रे आणि ६५ टक्के लोकसंख्या असे दुहेरी गणित आहे, पण मतदान टाळून सहमतीने जायचा रिवाज अजून घट्ट आहे.

इथेच माझी खरी काळजी आहे. न्यायाधीश आत गेले, गव्हर्नर गेले, शेती खात्याचे तज्ज्ञ गेले, राजदूत तर तिथे राहायलाच गेले. मागे राहिल्या त्या राष्ट्रीय संसदा, आणि त्यांच्या मागे उभा असलेला मतदार. डेन्मार्क हा मोठा अपवाद : तिथला मंत्री ब्रुसेल्सला निघण्याआधी संसदेच्या समितीपुढे बसून काय मान्य करायचे याची परवानगी घेतो. बाकी बहुतेक ठिकाणी मंत्री जाऊन येतो आणि नंतर सांगतो. लिस्बन करारापासून एक तृतीयांश संसदांनी आठ आठवड्यांत हरकत घेतली तर आयोगाला प्रस्ताव पुन्हा तपासावा लागतो; पहिल्या काही वर्षांत हे ‘पिवळे कार्ड’ तीनदा निघाले, आणि आयोगाने प्रस्ताव मागे घेतला तो एकदाच. युरोपीय संसद १९७९ पासून थेट निवडली जाते, तिचे अधिकार प्रत्येक करारात वाढले, पण लोक तिला मत देताना बहुधा आपल्याच सरकारवरचा राग-लोभ व्यक्त करतात. लोकांना थेट विचारले तेव्हा काय झाले ते समोर आहे. जून १९९२ मध्ये डेन्मार्कने मास्ट्रिख्ट कराराला ५०.७ टक्क्यांनी नाही म्हटले, सप्टेंबरमध्ये फ्रान्सने जेमतेम ५१ टक्क्यांनी हो. २००५ मध्ये युरोपीय राज्यघटनेला फ्रान्स आणि नेदरलँड्सने तीन दिवसांच्या अंतराने नकार दिला; त्यातला बराचसा मजकूर लिस्बन करारातून पुन्हा आला, आणि त्या दोन्ही देशांत त्यावर सार्वमत झाले नाही. हे मला आजही खटकते. लिस्बेट हूघे आणि गॅरी मार्क्स यांनी २००९ मध्ये मांडले की लोकांच्या मूक संमतीचा काळ संपला, आता त्यांची असहमती नेत्यांचे हात बांधते. सात वर्षांनी ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी बाहेर पडायचा कौल दिला.

इतर खंडांतले प्रयोग या तराजूत घातले की फरक लगेच कळतो. सार्कच्या सनदेत सर्व निर्णय एकमताने आणि द्विपक्षीय वाद चर्चेबाहेर. २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर बैठकच झाली नाही. पूर्व आफ्रिकेचा समुदाय १९७७ मध्ये मोडला आणि २००० मध्ये नव्याने उभा राहिला. सार्कमध्ये राष्ट्रप्रमुख भेटत तेव्हाही ढाक्याच्या न्यायाधीशाला किंवा कोलंबोच्या कस्टम्स अधिकाऱ्याला त्या भेटीमुळे दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळे वागावे लागत नसे.

उलट पोलंडमध्ये पाहा. २०१५ नंतरच्या सरकारने न्यायाधीशांच्या नेमणुका आणि शिस्तभंगाची यंत्रणा आपल्या हाती घ्यायला सुरुवात केली. पोलिश न्यायाधीशांनी लक्झेंबर्गला प्रश्न पाठवले आणि त्यासाठी चौकशा अंगावर घेतल्या. ११ जानेवारी २०२० रोजी वॉर्सोच्या रस्त्यावर ते आपापल्या झग्यांत मुकाट चालत निघाले, आणि त्यांच्याबरोबर इतर युरोपीय देशांतून आलेले न्यायाधीश आपापल्या झग्यांत चालत होते. काळे, लाल, कुठे पांढरी कॉलर, कुठे जांभळी पट्टी. पोलंडचे सरकार ‘पोलंडचे सार्वभौमत्व’ म्हणत होते. ते न्यायाधीश पोलंडच होते. पुढे लक्झेंबर्गने पोलंडला दिवसाला १० लाख युरो दंड लावला, निधी अडला, पण सरकार बदलले ते ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत, पोलिश मतदारांनी.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातला एक प्रसंग. १४ तारखेला ब्रुसेल्समध्ये २७ राष्ट्रप्रमुख बसले होते. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची का हा प्रश्न. एकमत हवे होते आणि हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान विरोधावर ठाम होते. जर्मनीचे चॅन्सलर शोल्झ यांनी त्यांना सुचवले की जरा बाहेर जाऊन कॉफी घ्या. ते गेले आणि उरलेल्या २६ जणांनी निर्णय केला. परत आल्यावर ओर्बान यांनी त्याच रात्री युक्रेनसाठीच्या ५० अब्ज युरोंना नकार दिला. ते पैसे १ फेब्रुवारीला मंजूर झाले. या बैठकीच्या आदल्या दिवशी आयोगाने, हंगेरीने न्यायव्यवस्थेत पुरेशा सुधारणा केल्या असे सांगत, तिचे अडकलेले सुमारे १० अब्ज युरो मोकळे केले होते. हा सौदा होता असे आयोगाने कधी मान्य केले नाही. पण मार्च २०२४ मध्ये युरोपीय संसदेने या पैशांवरून आयोगाविरुद्धच लक्झेंबर्गला दावा लावला, ज्या न्यायालयाकडे साठ वर्षांपूर्वी मिलानहून १,९२५ लिऱ्यांचे बिल गेले होते तिथेच.